शंखज मौक्तिक : दुर्मिळतेचे दोन प्रकार



 आजच्या व्याख्यानासाठी मी शंखाच्या पोटी जन्मणाऱ्या मोत्याचा विषय निवडला. प्रथमदर्शनी हा विषय सराफाच्या पेढीवरचा, म्हणून विद्वत्सभेत काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. परंतु वाटाण्याएवढ्या या जिनसामागे एका जलचराचे चरित्र, पदार्थविज्ञानातील एक विलक्षण रचना, दीडशे-दोनशे वर्षांचा व्यापार आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा अंमल इतक्या गोष्टी उभ्या आहेत. आणि त्या सर्वांच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो मोती कधीही न पाहिलेल्या माणसानेही विचारात घ्यावा अशा योग्यतेचा आहे. एखादी वस्तू दुर्मिळ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणी दुर्मिळ केली, असा तो प्रश्न होय. निसर्गाच्या योगायोगाने आलेली दुर्मिळता एक, आणि माणसाच्या हव्यासाने किंवा निष्काळजीपणाने ओढवलेली दुर्मिळता दुसरी. बाजारात या दोहोंची किंमत एकाच तराजूत होते, परंतु विचारी माणसाने त्यांची खाती निरनिराळी ठेवली पाहिजेत, हे आजच्या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

शंखापासून मोती होतो ही कल्पना आपल्याला नवी नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत मुक्ताफलांची लक्षणे सांगताना त्यांची आठ उत्पत्तिस्थाने मोजली आहेत : हत्ती, सर्प, शिंप, शंख, मेघ, वेळू, महामत्स्य आणि वराह. यांपैकी कित्येक स्थाने कविकल्पनेच्या प्रांतातली आहेत हे उघड आहे. परंतु शिंप आणि शंख ही दोन पूर्णपणे सत्यसृष्टीतली आहेत. शंखातून निघालेला मोती चंद्रकांतीचा, वाटोळा आणि तेजस्वी असतो, असे त्याचे वर्णन तेथे आहे. त्याहूनही मार्मिक गोष्ट अशी, की शिंपल्याच्या मोत्यांचे वजनावार भाव तपशिलाने देणारा तो ग्रंथकार शंखादी इतर सात स्थानांतील मोत्यांचा भाव मात्र देत नाही. हे मोती विंधू नयेत, आणि त्यांचे गुण अपरिमित असल्यामुळे त्यांचे मूल्य शास्त्रात सांगितलेले नाही, असा अभिप्राय तो नोंदवितो. जी वस्तू बाजारात नित्य येत नाही, तिला बाजारभाव असू शकत नाही, हे अर्थशास्त्रीय सत्यच त्याने रत्नपरीक्षेच्या भाषेत मांडले, असे मला वाटते.

तथापि आज जगाच्या जवाहीरबाजारात ज्याला शंखमोती म्हणतात, त्याचा आपल्या देवघरातील शंखाशी संबंध केवळ दूरच्या नात्याचा आहे, हा खुलासा आरंभीच केला पाहिजे. आपला पूजेचा शंख हा टर्बिनेला पायरम या प्राण्याचे कवच. मन्नारच्या आखातात आणि भारताच्या इतर काही किनाऱ्यांवर तो सापडतो, वाळूतील कृमी खाऊन जगतो, आणि त्याच्या बाबतीत संपत्ती मानली गेली ती कवचालाच. त्याच्या कांकणांवर बंगालमधील शांखारी कारागिरांचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालला. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या शंखावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या उद्योगाची हकीकत विस्ताराने आली आहे. ज्या शंखाच्या मोत्याविषयी मी आज बोलणार आहे, तो शंख पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात, कॅरिबियन समुद्रात राहतो. बहामा बेटे, फ्लोरिडा, क्यूबा, जमैका, मध्य अमेरिकेचा पूर्वकिनारा आणि तेथून दक्षिणेस ब्राझीलच्या उत्तरभागापर्यंत त्याची वस्ती आहे. इंग्रजीत त्याला क्वीन काँच म्हणतात. आपण त्याला राणीशंख म्हणू. लिनिअसने १७५८ साली त्याला स्ट्रॉम्बस गिगास हे नाव दिले; पुढे वर्गीकरणशास्त्रज्ञांनी त्याचा गण अनेकदा बदलला, परंतु प्राणी तोच राहिला.

महाराष्ट्रातील माणसाच्या मनात मोती म्हटला की बसऱ्याचा मोती उभा राहतो. इराणच्या आखातातील मोत्यांची मोठी पेठ पूर्वी मुंबईत होती; तेथून आलेल्या मोत्यांनी आपल्याकडील नथी आणि चिंचपेट्या सजल्या. त्या मोत्याची आणि शंखमोत्याची जात मुळातच भिन्न आहे. बसऱ्याचा मोती शिंपल्यात होतो, आणि शिंपल्याच्या आतल्या अंगाला जो इंद्रधनुषी झळाळीचा मौक्तिकस्तर असतो, त्याच द्रव्याचे पातळ थर एकावर एक चढून तो तयार होतो. मोत्याचे पाणी म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, ते या थरांचे तेज. राणीशंखाला असा मौक्तिकस्तर नाही. त्याच्या मुखाचा आतला भाग चिनी मातीच्या भांड्यासारखा गुळगुळीत आणि गुलाबी असतो. साहजिकच त्याच्या अंगात होणाऱ्या मोत्यालाही तेच द्रव्य आणि बहुधा तीच रंगच्छटा प्राप्त होते.

आता त्या प्राण्याचे चरित्र थोडे सावकाश पाहू. कारण मोत्याची दुर्मिळता ज्याला समजावून घ्यावयाची आहे, त्याला प्रथम मोती घडविणाऱ्याची दिनचर्या माहीत असली पाहिजे. राणीशंख हा शाकाहारी जीव आहे. उथळ समुद्रात, जेथे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो आणि समुद्रतृणांची कुरणे पसरलेली असतात, तेथे शैवाल आणि कुजलेल्या वनस्पतींचे कण खाऊन तो उपजीविका करतो. गोगलगाईसारखा तो सरपटत नाही. पायाच्या टोकाशी असलेली कठीण, अणकुचीदार झडप वाळूत रोवून तो आपले सारे अवजड कवच पुढे लोटतो आणि अशा उड्या घेत चालतो. लांब देठांवर बसविलेले त्याचे दोन डोळे चांगले घडलेले असून एखादा तुटला तरी पुन्हा उगवतो. मादी वाळूच्या कणांनी मढविलेली अंड्यांची लांबलचक दोरी घालते. तिच्या एका पुंजक्यात लक्षावधी अंडी असतात. काही दिवसांत त्यांतून सूक्ष्म डिंभ बाहेर पडतात आणि तीन-चार आठवडे प्रवाहाबरोबर वाहत राहतात. त्यांपैकी जे वाचतात ते योग्य तळ मिळताच बूड धरतात आणि पहिले वर्ष बहुतांशी वाळूत पुरून घेऊन काढतात. पुढे तीन-चार वर्षांच्या सुमारास कवचाची लांबी वाढणे थांबते आणि मुखाचा ओठ बाहेरच्या बाजूला पंख्यासारखा पसरू लागतो. हा पसरलेला ओठ म्हणजे प्रौढत्वाचा दाखला. त्यानंतर कवच लांबीने न वाढता ओठ जाड होत जातो. संकटांतून वाचलेला शंख पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो, आणि त्याचे कवच सुमारे एक फूट लांबीचे होते. लक्षावधी अंड्यांतून प्रौढपणापर्यंत पोचणारे जीव मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात; तेव्हा दुर्मिळतेची पहिली चाळणी मोती होण्याच्या कितीतरी आधी लागलेली असते.

मोती होतो कसा? वाळूचा कण आत शिरतो आणि त्याभोवती मोती बनतो, हा समज आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही दृढ झालेला आहे. परंतु ज्या प्राण्याचे सारे आयुष्य वाळूतच जाते, त्याच्या बाबतीत तो तर्काला टिकत नाही, कारण मग प्रत्येक शंख मोत्यांनी भरलेला असता. शंखाचे कवच निर्माण करणारे जे मऊ आवरण, त्याला प्राणिशास्त्रात प्रावार म्हणतात. या प्रावाराच्या बाह्यत्वचेतील पेशींना कवचद्रव्य स्रवण्याचा धर्म आहे. एखाद्या परोपजीवी जंतूच्या उपद्रवाने किंवा इजेने या पेशींपैकी काही आपल्या जागेवरून ढळून प्रावाराच्या आतल्या मांसात रुतल्या, की तेथेही त्या आपला धर्म सोडीत नाहीत. त्यांची एक लहानशी पिशवी बनते आणि तिच्या पोकळीत कवचद्रव्य साठत जाते. कवचाशी न जडलेला, स्वतंत्र, वाटोळा वा लंबवर्तुळाकार असा हा साठा म्हणजेच मोती. ही घटना घडण्यासाठी इजा व्हावी लागते. इजा झाली तरी पेशी योग्य जागी रुताव्या लागतात. त्या रुतल्या तरी प्राणी पुढे पुरेशी वर्षे जगावा लागतो. आणि इतके सारे जुळून आले तरी साठा सर्व बाजूंनी सारखा वाढेल याची शाश्वती नसते. शंखमोत्यात पूर्ण गोल नग अगदी विरळा, आणि बहुतेक लंबगोल किंवा ओबडधोबड का असतात, याचे उत्तर या प्रक्रियेतच आहे.

या मोत्याच्या घडणीचे सौंदर्य सूक्ष्मदर्शकाखाली अधिक उलगडते. त्याचे मुख्य द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट, त्यातही ॲरागोनाइट या स्फटिकरूपातले. सेंद्रिय द्रव्याचा अंश त्यात फार अल्प असतो. हे स्फटिक सूक्ष्म पट्ट्यांच्या रूपाने रचलेले असतात, आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांतील स्फटिकांची दिशा परस्परांना छेद देणारी असते. बुरूड टोपली विणताना आडव्याउभ्या कांबी एकमेकींखालून काढतो तशी ही गुंफण आहे. परिणाम दुहेरी होतो. एक असा, की मोती फिरविला म्हणजे काही पट्ट्या प्रकाश परतवितात आणि शेजारच्या काळवंडतात, त्यामुळे त्याच्या अंगावर ज्योतीसारख्या लहरी नाचताना दिसतात. या ज्योतिर्लहरींवरूनच उत्तम शंखमोत्याची पारख करतात. दुसरा असा, की ही गुंफण अत्यंत चिवट असते : २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या शंखाच्या कवचावरील संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात असे दाखविले आहे की एकट्या खनिजाच्या तुलनेत या रचनेला मोडण्यासाठी हजारपट वा त्याहूनही अधिक शक्ती खर्च करावी लागते. तडा गेला तरी तो सरळ पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक पट्टीपाशी त्याला वाट बदलावी लागते आणि त्यात त्याचे बळ संपते. चुन्याच्याच जातीच्या ठिसूळ द्रव्यातून कठीण आणि टिकाऊ रत्न निर्माण करण्याची ही हातोटी त्या मुक्या जीवाच्या पेशींत आहे.

रंगांच्या बाबतीत शंखमोती पांढरा, पिवळसर, तपकिरी आणि नारिंगी छटांचाही असतो. परंतु मान आहे तो गर्द गुलाबी रंगाला. हा रंग सेंद्रिय रंगद्रव्यांचा असल्यामुळे दीर्घकाळ सूर्यप्रकाशात ठेवल्यास तो फिका पडतो. म्हणून शंखमोत्याचा दागिना रात्रीच्या समारंभात मिरवावा आणि दिवसा पेटीत बंद ठेवावा, अशी शिफारस जाणकार करीत आले आहेत. हिरा वारसाने जसाच्या तसा पुढच्या पिढीकडे जातो. या मोत्याचे तेज मात्र सांभाळणाऱ्याच्या काळजीवर अवलंबून राहते.

आता संख्येकडे वळू. व्यापारात प्रचलित असलेला अजमास असा, की दहा ते पंधरा हजार शंख उघडावेत तेव्हा एखादा मोती मिळतो, आणि मिळालेल्या मोत्यांपैकी दहांत एकही दागिन्यात जडविण्याच्या योग्यतेचा नसतो. ही शास्त्रीय मोजणी नव्हे. मच्छीमार आणि खरेदीदार यांच्या अनुभवावर बसविलेला तो आडाखा आहे. तरीही त्याचा गुणाकार केला, तर एका रत्नयोग्य मोत्यामागे लाखभर शंखांचा हिशोब पडतो. त्यांतही बहुतेक मोती काही मिलिमीटर व्यासाचेच असतात. रंग, आकार आणि ज्योतिर्लहरी या तिन्ही बाबतींत परस्परांशी जुळणारे दोन मोती कुड्यांसाठी मिळविणे हेच दुष्कर. मग एका सरासाठी जवाहिऱ्याला वर्षानुवर्षे थांबावे लागते यात आश्चर्य नाही.

येथे या विषयाचे मर्म येते. बसऱ्याच्या मोत्यासाठी पाणबुडे मुद्दाम समुद्रात उतरत. मोती हाच त्यांच्या श्रमाचा हेतू असे, आणि शिंपला हे केवळ साधन. राणीशंखाच्या बाबतीत मोत्यासाठी कोणी समुद्रात उतरत नाही. लाखभर शंखांमागे एक रत्न हे गणित कोणाच्याही पोटापाण्याला पुरणारे नाही. मच्छीमार उतरतो तो मांसासाठी. बहामा आणि आसपासच्या बेटांवर शंखाचे मांस हे पूर्वापार अन्न आहे. युरोपीय लोक तेथे येण्यापूर्वीच्या आदिवासी जमाती ते खात आणि कवचाची हत्यारे करीत. मच्छीमार कवचाच्या शिखराजवळ हातोडीने भोक पाडतो, त्यातून सुरीचे पाते घालून मध्यस्तंभाशी जखडलेला स्नायू कापतो आणि मुखाकडून सारा प्राणी बाहेर ओढून काढतो. मोती असलाच तर तो या वेळी प्रावारात लपलेला असतो. साफसफाई करणाऱ्याच्या बोटांना लागला तर लागला, नाहीतर टाकाऊ भागाबरोबर पुन्हा समुद्रात जातो. मोती हे या धंद्याचे उत्पन्न नव्हे, ते त्याचे आकस्मिक शिलकी खाते आहे. या एका गोष्टीमुळे शंखमोत्याचे भवितव्य मोत्याच्या बाजाराच्या हाती उरत नाही. ते सर्वस्वी मांसाच्या मासेमारीशी बांधलेले आहे.

युरोपात या मोत्याची कीर्ती एकोणिसाव्या शतकात पसरली. लंडनचे प्रसिद्ध रत्नसंग्राहक हेन्री फिलिप होप यांच्या संग्रहाची सूची १८३९ साली छापली गेली. तीत शंखमोत्याला स्थान होते. व्हिक्टोरियन कालखंडाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा फुलापानांच्या वळणांची नवी कला दागिन्यांत शिरली, तेव्हा गुलाबी शंखमोती कळीसारखा किंवा फळासारखा जडविण्याची प्रथा पडली. अमेरिकेतील टिफनी पेढीचे रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी चार्ल्स ह्यू स्टीव्हन्सन यांच्या सहकार्याने १९०८ साली मोत्यांवर जो बृहद्ग्रंथ लिहिला, त्यात शंखमोत्याचाही परामर्श घेतलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर अभिरुची पालटली आणि हा मोती बराच काळ विस्मृतीत गेला. १९८० च्या दशकात स्यू हेन्ड्रिक्सन या धाडसी संशोधिकेने कॅरिबियन बेटांतून हे मोती जमवून जवाहिऱ्यांपुढे ठेवले. याच बाईंना पुढे १९९० साली अमेरिकेत टायरॅनोसॉरसचा तो प्रसिद्ध सांगाडा सापडला, ज्याला त्यांचेच नाव मिळाले. १९८७ साली एमान्युएल फ्रिच आणि एलीझ मिसिओरोव्स्की यांचा या मोत्याच्या इतिहासावरचा आणि गुणधर्मांवरचा अभ्यासपूर्ण लेख रत्नशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि व्यापाराला शास्त्राचा आधार लाभला. पुढे २०१२ साली जिनीव्हा येथील लिलावात स्पेनच्या राणी व्हिक्टोरिया युजेनी यांच्या संग्रहातील, कार्तिए पेढीने घडविलेले शंखमोत्यांचे आणि हिऱ्यांचे एक कंकण तीस लक्ष डॉलरांहून अधिक किमतीला गेले. दागिन्यांचा इतिहास सांगताना मी येथेच थांबतो. कारण मोत्याचे भाव चढत होते त्याच काळात शंखाच्या खात्यावर काय चालले होते, ते पाहणे अधिक अगत्याचे आहे.

राणीशंख पकडणे फार सोपे आहे. तो उथळ पाण्यात राहतो, मंदगती आहे, आणि प्रजननाच्या हंगामात एकत्र जमतो. पूर्वी मच्छीमार श्वास रोखून बुडी मारीत, त्यामुळे खोल पाण्यातील शंख आपोआप सुरक्षित राहत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्वसनाची यंत्रे, मोटारीच्या होड्या आणि गोठविलेल्या मांसाची निर्यात हे तिन्ही एकत्र आले, आणि खोल पाण्याचे ते नैसर्गिक अभयारण्य संपुष्टात आले. फ्लोरिडाने १९७५ साली व्यापारी मासेमारीला आणि पुढे दहा वर्षांनी हौशी मासेमारीलाही मनाई केली. १९९२ साली राणीशंखाचा समावेश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला, म्हणजे त्याचे मांस, कवच वा मोती सरहद्दीपार नेण्यासाठी सरकारी परवाना आवश्यक ठरला. २००३ साली होंडुरास, हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक यांच्याकडून होणारा व्यापार काही काळ थांबविण्याची पाळी आली. आणि २०२४ साली अमेरिकेच्या संघसरकारने ही जाती ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदविली.

या हुकुमांमागचे जीवशास्त्रीय कारण सुंदरही आहे आणि भयावहही. शंखांत नर व मादी वेगळे असतात आणि अंड्यांचे फलन प्रत्यक्ष समागमाने होते. म्हणजे त्यांना एकमेकांना शोधून गाठावे लागते, आणि चाल तर इतकी मंद. स्टोनर आणि रे-कल्प या संशोधकांनी बहामा बेटांच्या समुद्रात मोजणी करून २००० साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की एका हेक्टरमध्ये प्रौढ शंखांची संख्या ५६ च्या खाली गेली की समागम आढळत नाही, आणि ४८ च्या खाली गेली की अंडी घातलेली दिसत नाहीत. या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. एखाद्या कुरणात चाळीस शंख सुदृढ आणि जिवंत असतील. पाहणाऱ्याला समुद्र निर्जन झाला असे वाटणार नाही. तरीही ती वसाहत जीवशास्त्राच्या दृष्टीने निःसंतान झालेली असते. शेवटचा शंख मारला जाईपर्यंत वाट पाहावी लागत नाही. संख्येचा एक उंबरठा ओलांडला की उरलेले शंख आपल्या आयुष्याची वर्षे काढीत राहतात, पण पुढची पिढी येत नाही. बंदी घातल्यानंतर कित्येक दशके लोटली तरी फ्लोरिडातील शंखांची संख्या पूर्वपदावर आलेली नाही; तेथील अनुभव या निष्कर्षाशी जुळणाराच आहे.

आता प्रारंभी केलेल्या भेदाकडे येतो. दहा हजार शंखांत एखाद्याला मोती होणे, ही निसर्गाची दुर्मिळता. ती कोणाचे काही हिरावून घेत नाही. शंख विपुल असताना ती होती आणि शंख विपुल असते तर ती तशीच राहिली असती. तिच्यापुढे नम्र होण्यात आनंद आहे, आणि वराहमिहिराने अशा मोत्यांचा भाव सांगितला नाही यातही ती नम्रता मला दिसते. परंतु उथळ कुरणांतून शंखच नाहीसा होणे, ही दुसऱ्या जातीची दुर्मिळता होय. ती हिशोब न ठेवल्यामुळे आली आहे, आणि बाजाराची रीत अशी, की तो या दोहोंत फरक करीत नाही. माल कमी येऊ लागला की भाव चढतो. चढलेला भाव पाहून ज्याच्यापाशी मोती आहे तो सुखावतो. परंतु मोत्याचा भाव चढल्याने समुद्रात एकही शंख वाढत नाही. प्रौढ होण्याआधीच शंख पकडला गेला, तर मोती घडावयास लागणारी वर्षेच त्याच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून शंखाची घट होते तेव्हा मोत्याचीही घट होते, आणि निसर्गाच्या दुर्मिळतेच्या नावाखाली माणसाने केलेली दुर्मिळता विकली जाऊ लागते. ही नुसती चुकीची किंमत नव्हे, हा चुकीचा जमाखर्च आहे.

असे घडू शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. तुतिकोरिनच्या समुद्रात मोत्याच्या शिंपल्यांची मोहीम शतकानुशतके राजसत्तेच्या देखरेखीखाली भरत असे; पांड्यांपासून पोर्तुगीज, डच आणि इंग्रजांपर्यंत प्रत्येक अंमलाने तिच्यावर महसूल घेतला. शिंपल्यांच्या तळांची पाहणी होई, शिंपले पक्व नसतील तर त्या वर्षी मोहीम भरविली जात नसे, आणि कित्येकदा वर्षामागून वर्षे कोरडी जात. असा बंदोबस्त असूनही १९६१ नंतर तेथे मोहीम भरली नाही. तेथील ऱ्हासाची कारणे अनेक असतील; परंतु ज्या पेठेने मोत्यांचे भाव ठरविले, तिला शिंपल्यांचा पुरवठा ठरविता आला नाही, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

यावर शास्त्राने एक उपाय पुढे आणला आहे, आणि तो आशादायक आहे. शिंपल्यात मोती पेरण्याची विद्या जपानने विसाव्या शतकाच्या आरंभीच हस्तगत केली; परंतु राणीशंखावर ती अनेक वर्षे चालेना, कारण त्याचे कवच पिळदार असून भ्यालेला प्राणी आत इतका खोल जातो, की मोती पेरण्याच्या जागेपर्यंत त्याला इजा न करता पोचताच येत नाही. २००९ साली फ्लोरिडातील हार्बर ब्रँच समुद्रविज्ञान संस्थेच्या हेक्टर अकोस्टा-सॅल्मॉन आणि मेगन डेव्हिस या शास्त्रज्ञांनी ही अडचण दूर झाल्याचे जाहीर केले. मणी घालून आणि मणी न घालताही त्यांनी दोनशेहून अधिक संवर्धित शंखमोती तयार केले होते. पेरणीनंतर प्राणी जिवंत राहतो, आणि एक मोती काढल्यानंतर दुसरा घडविण्यास समर्थ असतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. हजारो शंखांच्या मृत्यूतून एक मोती मिळण्याऐवजी एका जिवंत शंखाच्या आयुष्यातून मोती मिळू शकतो, हा केवळ तांत्रिक सुधारणेचा मामला नाही; मोती आणि प्राणी यांच्यातील व्यवहाराची अट त्यामुळे बदलते. अर्थात संवर्धित मोत्याने समुद्रातील कुरणे पुन्हा भरणार नाहीत. मांसासाठी होणारी मासेमारी त्यामुळे थांबत नाही. प्रौढ ओठ आलेल्या शंखांनाच हात लावण्याचा नियम, प्रजननाच्या हंगामातील बंदी, राखीव क्षेत्रे आणि परवान्यांची काटेकोर अंमलबजावणी यांवाचून दुसरा मार्ग नाही, आणि तो मार्ग चोखाळण्याची जबाबदारी मुख्यतः कॅरिबियन राष्ट्रांच्या सरकारांवर आहे. त्या सरकारांना हे ओझे एकट्याने वाहावयास लावणे मात्र न्याय्य नाही. कारण मांस आणि मोती या दोहोंचे मोठे गिऱ्हाईक परदेशात आहे.

भारत १९७६ पासून साइट्स कराराचा सभासद आहे. मुंबईच्या जवाहीरबाजारात, किंवा परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून, असा मोती कोणी खरेदी करावयास निघाला, तर दर्जा आणि वजन यांची चौकशी तो करीलच; त्याच बैठकीत त्याने दोन प्रश्न अधिक विचारावेत : हा मोती नैसर्गिक की संवर्धित, आणि ज्या देशातून आला तेथील परवाना कोठे आहे? जो विक्रेता या प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री देऊ शकत नाही, त्याचा माल कितीही सुंदर असला तरी नाकारावा. एका गिऱ्हाइकाच्या नकाराने समुद्र सुधारत नाही हे खरे. परंतु बाजाराची रीत गिऱ्हाइकांच्या प्रश्नांनीच बदलते, आणि हे प्रश्न विचारण्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

श्रोतेहो, निसर्गाने जी वस्तू थोडी दिली, ती थोडी आहे म्हणून आपण तिचा मान ठेवावा, हे योग्यच आहे. आपण जी वस्तू थोडी करून ठेवली, तिचा मान ठेवण्याची पद्धत वेगळी असली पाहिजे; तेथे भाव वाढविण्यापेक्षा नुकसानीची भरपाई करणे हाच आदराचा प्रकार होय. राणीशंखाच्या बाबतीत ही भरपाई अजून शक्य आहे. अंडी घालण्याइतक्या दाट वसाहती काही समुद्रांत अद्याप शिल्लक आहेत. त्या टिकल्या, तर दहा हजारांत एक हा निसर्गाचा हिशोब पुढेही चालू राहील, आणि पुढच्या पिढीच्या जवाहिऱ्याला तो मोती हाती घेताना त्याच्या दुर्मिळतेबद्दल संकोच वाटण्याचे कारण उरणार नाही.